ग्रुपमधून काढलं, बोर्डावरून फाडलं, पोस्ट उडवली: आधी जागा कोणाची ते बघा

मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकच प्रश्न विचारला होता, की एप्रिलमध्ये टँकर किती आले आणि त्याची बिलं कुठे बघायला मिळतील. बस. भांडुपला आमच्या बाजूला उन्हाळ्यात टँकर येतात त्यात नवीन काही नाही, पण त्या महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकरपोटी फ्लॅटमागे अकराशे रुपये लावले होते म्हणून विचारलं. तासाभरात मेसेज गायब. परत टाकला, तर मलाच ग्रुपमधून काढलं. मग मी चिडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खाली नोटीस बोर्डावर लावला, आमच्या बोर्डाची काच दोन वर्षं फुटलेली आहे त्यामुळे लावायला काही अडचण नाही, तर सकाळी दूध आणायला उतरले तेव्हा वॉचमन ओल्या फडक्यानं सेलोटेपचे डाग पुसत होता. "ताई, सरांनी सांगितलं," एवढंच बोलला. मग काय, रात्री अकराला फेसबुकवरच्या आमच्या एरियाच्या ग्रुपमध्ये लिहून मोकळी झाले की आमचा सेक्रेटरी चोर आहे. ती पोस्ट पण सकाळपर्यंत उडाली.

दोन-तीन दिवसांत तीन ठिकाणी तोंड बंद. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई भेटल्या, त्यांना म्हटलं हे अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे ना, तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "अगं, तिन्ही ठिकाणी त्यांना काढायचा हक्क होता, आणि तिसऱ्या ठिकाणी तर त्यांनी काढलं म्हणून तू वाचलीस."

मी नववी-दहावीच्या ट्यूशन घेते, त्यात नागरिकशास्त्र पण आलं, दरवर्षी मुलांकडून हाच धडा पाठ करून घेते. तरी मला माहीत नव्हतं, म्हणजे बाकीच्यांचं काय सांगावं. म्हणून वकीलबाईंकडून आणि नंतर वाचून जे कळलं ते लिहून ठेवतेय. मी वकील नाही, कोर्टाची नोटीस हातात असेल तर हे वाचत बसू नका, वकिलाकडे जा.

आधी बघा, जागा कोणाची

घटनेच्या कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य हे मुळात सरकारनं तुमचं तोंड दाबू नये म्हणून आहे. सरकार म्हणजे केंद्र, राज्य, बीएमसी, पोलीस, सरकारी महामंडळं वगैरे, घटनेच्या कलम १२ मध्ये त्याची व्याख्याच आहे. त्यात सोसायटीचा सेक्रेटरी बसत नाही, मॉलचा मॅनेजर बसत नाही आणि फेसबुकही बसत नाही. मला वाटायचं सोसायटी तर रजिस्टर्ड असते, वर सहकार खात्याचा उपनिबंधक बसलेला असतो, म्हणजे अर्धी सरकारीच झाली की. तर तसं नाही, २०१३ मध्ये केरळातल्या सहकारी संस्थांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसती सरकारी देखरेख आहे म्हणून सहकारी संस्था 'राज्य' होत नाही.

कोणी अगदी अभ्यासू भेटला तर तो २०२३ चा निकाल काढेल, त्यात घटनापीठानं चार विरुद्ध एक असं म्हटलंय की कलम १९ आणि २१ चे (बोलण्याचे आणि जगण्याचे) हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. निकाल खरा आहे. पण त्याच्या जोरावर ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून हायकोर्टात जाणार असाल तर आधी वकिलाची फी विचारून घ्या.

आता यातली मेख अशी की प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो. या जागेत तुम्हाला बोलू द्यायचं की नाही, हे जागेचा मालक ठरवतो. जे बोललात तो गुन्हा आहे की नाही, हे कायदा ठरवतो. ग्रुपमधून काढलं म्हणजे तुम्ही काही वाईट बोललात असं होत नाही, आणि ग्रुपवर चार दिवस मेसेज राहिला, वर वीस अंगठे आले, म्हणजे तो कायद्यात बसतो असंही होत नाही. माझ्या टँकरच्या प्रश्नात कायद्याच्या दृष्टीनं काहीच चूक नव्हती, तरी तो उडाला. "चोर" मध्ये चूक होती, आणि तो उडाला हे माझं नशीब.

सोसायटीत बोलायचं असेल तर

व्हॉट्सॲप ग्रुप हा सोसायटीचा कायदेशीर अवयव नाही हे आधी डोक्यात घ्या. ज्यानं बनवला तो ॲडमिन, तो कोणालाही काढू शकतो, त्याच्याशी भांडून हाती काही लागत नाही. नोटीस बोर्डाचंही तेच, तो कमिटीच्या ताब्यात असतो, त्यावर सभासदानं वाटेल ते चिकटवायचं नसतं (मग गणपतीच्या वर्गणीची यादी आणि कोणाच्या तरी साडी सेलचं पोस्टर कसं चालतं हा वेगळा विषय, मी पण विचारला होता, उत्तर आलं नाही).

पण सभासद म्हणून तुमच्या हातात जे आहे ते ग्रुपपेक्षा कितीतरी भारी आहे, फक्त त्यात मजा नाही म्हणून कोणी करत नाही. एक पत्र लिहायचं. सेक्रेटरीच्या नावानं, तारीख टाकून, विषय एकच ठेवून. दोन प्रती काढायच्या, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची, म्हणजे शिक्का, सही, तारीख. आमच्या ऑफिसातला मुलगा पोच द्यायला तयारच नव्हता, सर आल्यावर या म्हणाला, तीनदा गेले. चौथ्यांदा नाही गेले, पोस्टातून रजिस्टर्ड पाठवलं, पावती जपून ठेवली आणि त्याच मजकुराचा ईमेल सोसायटीच्या आयडीवर टाकला. ग्रुपवरचं बोलणं एका बोटानं उडतं, पोच घेतलेलं पत्र उडवता येत नाही, ते फाइलला लागतं. पुढे तुम्ही उपनिबंधकाकडे गेलात तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो, सोसायटीला लेखी कळवलं होतं का.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे, त्यात सभासदाला सोसायटीची ठराविक कागदपत्रं बघायचा आणि फी भरून प्रती मागायचा हक्क आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी यावी लागते. तुमचा मुद्दा सभेआधी लेखी द्या आणि सभेत उभं राहून म्हणा, "हे मिनिट्समध्ये घ्या." या तीन शब्दांना काय वजन आहे ते एकदा बोलून बघा, जे काका मघापर्यंत मोबाइल बघत असतात ते पण मान वर करतात.

आणि "जास्त बोललात तर सभासदत्व काढून घेऊ" अशी धमकी आली तर घाबरू नका. त्याला सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं लागतात, तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि वर रजिस्ट्रारची मंजुरी लागते. टँकरची बिलं मागितली म्हणून कोणाला काढता येत नाही.

स्वतःचा ग्रुप काढायचा असेल तर खुशाल काढा, त्यावर कमिटीचा काही अधिकार नाही. फक्त त्याला सोसायटीचं नुसतं नाव देऊ नका, लोकांना तो अधिकृत वाटेल असं काही करू नका, "अमुक सोसायटी सभासद चर्चा" वगैरे साधं ठेवा. आणि लोकांना विचारून ॲड करा, सकाळी सकाळी पन्नास जणांना न विचारता ॲड केलं तर त्यातले तीस तुमच्यावरच चिडतात, स्वानुभव आहे.

मॉल, दुकान, कॅफे, स्टेशन

मॉलमध्ये गर्दी असते, एसी असतो, आत जायला तिकीट नसतं, म्हणून ती आपल्याला सार्वजनिक जागा वाटते. ती नाही. तुम्हाला आत येऊ देतात ते खरेदीला. फलक घेऊन उभं राहिलात, पत्रकं वाटायला लागलात, की सिक्युरिटी जा म्हणू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या एका मॉलबद्दल १९८० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं उलट निकाल कायम ठेवला होता, की मॉलमध्येही शांतपणे पत्रकं वाटता, सह्या घेता येतील, पण तो त्या एका राज्याच्या स्वतःच्या घटनेमुळे, सगळ्या अमेरिकेलाही लागू नाही. इंटरनेटवर वाचून ते इकडे घाटकोपरच्या मॉलमध्ये सांगायला जाऊ नका.

जा म्हटलं की जायचं. त्रास द्यायच्या किंवा अपमान करायच्या हेतूनं तिथेच ठाण मांडून बसलात तर ते गुन्हेगारी अतिक्रमणात जाऊ शकतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण सिक्युरिटीवाल्याची पण एक हद्द आहे, तो तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो, तुमचा फोन हिसकावून घेऊ शकत नाही, गॅलरी उघडून व्हिडिओ डिलीट करायला लावू शकत नाही. असं झालं तर आवाज न चढवता सांगा की १०० ला... म्हणजे आता ११२ ला फोन लावते, पोलिसांसमोर बोलू. बहुतेक वेळा तिथेच प्रकरण गार होतं.

सरकारी जागा म्हणजे मोकळं रान असंही नाही. १९६९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग, त्यात मुद्दा असा होता की रेल्वेच्या आवारात कामगारांना सभा घेता येईल का, आणि कोर्टानं सांगितलं की बोलायचं स्वातंत्र्य आहे याचा अर्थ दुसऱ्याच्या जागेत जाऊन ते वापरायचा हक्क आहे असा होत नाही, जागा रेल्वेची असली तरी. त्यामुळे दादरच्या ब्रिजवर माइक घेऊन उभं राहायचं असेल तर विसरा, आरपीएफवाला दोन मिनिटांत येईल. लोकलच्या डब्यात "घरबसल्या कमवा" ची स्टिकरं चिकटलेली असतात ती कोणी परवानगीनं लावलेली नसतात, त्यांचं बघून तुम्ही लावू नका.

रस्त्याचं वेगळं. रस्त्यावर, मैदानात लोकांनी जमून बोलणं हा हक्कच आहे, १९७० च्या दशकात अहमदाबादच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकार त्यावर नियम घालू शकतं पण सरसकट गळा दाबू शकत नाही. मुंबईत मोर्चा-धरण्याची जागा म्हणजे आझाद मैदान, पोलिसांची परवानगी घेऊन. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. शिवाजी पार्क तर २०१० पासून हायकोर्टाच्या आदेशानं सायलेन्स झोन आहे, ठरलेले दिवस सोडून. पोलीस आयुक्तांचा जमावबंदीचा आदेश शहरात अधूनमधून लागू असतो, तो आधी बघून घ्या, चार मैत्रिणी फलक घेऊन उभ्या राहिलात आणि पाचवी आली की बेकायदा जमाव, हे ऐकायला गंमत वाटते पण पोलीस स्टेशनात रात्र गेली की नाही वाटत.

स्वतःच्या भिंतीवर पण सगळं चालत नाही. बिल्डिंगवर जाहिरातीचा फलक लावायचा तर बीएमसीचं लायसन्स लागतं, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर, खांबावर न विचारता काही चिकटवलं तर विद्रूपीकरणाचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे. दादा-भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरांना हे कोण सांगणार ते मला विचारू नका.

हॉल भाड्यानं घेऊन कार्यक्रम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, मालकाला तुमच्यापेक्षा जास्त धोका असतो. २०२५ च्या मार्चमध्ये खारच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या स्टँडअपचा व्हिडिओ बाहेर आला, लोकांनी येऊन तोडफोड केली, आणि ज्यांनी एक शब्द बोलला नव्हता त्या जागावाल्यांनाच शटर ओढायची वेळ आली. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगितलंय की जमाव चिडेल या भीतीनं सरकारनं बोलणाऱ्याला गप्प करायचं नाही, संरक्षण द्यायचं. पण हॉलवाला सरकार नाही, त्याला खुर्च्यांचे पैसे भरायचे असतात. त्यामुळे बुकिंगच्या आधी विषय स्पष्ट सांगा, रेकॉर्डिंग करणार का ते सांगा, आणि त्यानं ऐन वेळी रद्द केलं तर डिपॉझिट परत मिळेल हे लेखी घ्या.

ऑनलाइन

फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, एक्स, हे पण मॉलच आहेत असं समजा, फक्त तिथला सिक्युरिटीवाला दिसत नाही. साइन अप करताना जे न वाचता ॲग्री दाबलं त्यात लिहिलेलं असतं की आम्ही पोस्ट काढू शकतो. तरी आपल्याकडे २०२१ चे आयटी नियम आहेत, त्यामुळे अगदीच निराधार नाही. प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. पन्नास लाखांहून जास्त युजर असलेल्या मोठ्या प्लॅटफॉर्मनी स्वतःहून तुमची पोस्ट काढली तर कारण कळवायला हवं आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, जीएसी म्हणतात तिला, वकील लागत नाही.

करायचं एवढंच की पोस्ट उडाली म्हणून कपाळाला हात लावायच्या आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, आलेला मेसेज हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. आणि जे लिहिण्यात तुमची मेहनत गेलीय त्याची प्रत आपल्याकडे हवीच. माझी एक विद्यार्थिनी तिचं रेसिपी पेज तीन वर्षं चालवत होती, अकाउंट एका रात्रीत बंद झालं, एकही फोटो दुसरीकडे नव्हता.

फेसबुक ग्रुपमधून ग्रुपच्या ॲडमिननी पोस्ट काढली असेल तर हे नियम फारसे कामाचे नाहीत, तो फेसबुकचा निर्णय नसतो, त्या ॲडमिनचं ते अंगण आहे. तीच पोस्ट स्वतःच्या वॉलवर टाका. पण टाकायच्या आधी पुढचं वाचा.

कुठेही चालत नाही असं

सरकारला पण बोलण्यावर बंधनं घालता येतात, घटनेत त्याची आठ कारणं दिलीत: देशाची एकता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. यातलं आपल्यासारख्यांच्या पायात येणारं म्हणजे बदनामी. न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. तिसऱ्या माणसाला कळलं की झाली बदनामी, त्यामुळे "ग्रुप प्रायव्हेट होता" हे चालत नाही. आणि सगळ्यात मोठा गैरसमज, "खरं आहे ना मग काय". फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं.

वकीलबाईंनी माझ्या पोस्टचं काय केलं ते दाखवते, म्हणजे कळेल. मी लिहिलं होतं, "आमचा सेक्रेटरी चोर आहे, टँकरवाल्याशी सेटिंग आहे, सगळी कमिटी मिळून पैसे खाते." त्यांनी माझ्याच टेबलावरचं पेपर तपासायचं लाल पेन घेतलं. "चोर" वर गोल केला, म्हणाल्या हे कोर्टात तुला सिद्ध करावं लागेल, करशील? "सेटिंग" वर गोल, पुरावा काय? "सगळी कमिटी" वर दोन गोल, सात माणसं आहेत, सात जण सात केसेस करू शकतात. मग मला विचारलं तुला नक्की काय माहितीय, अंदाज नको. आणि जे उरलं ते असं:

"एप्रिलच्या बिलात टँकरपोटी प्रत्येक फ्लॅटला ११०० रुपये लावले आहेत. ६४ फ्लॅटचे मिळून ७०,४०० रुपये होतात. या रकमेची टँकरची बिलं आणि गेटच्या रजिस्टरमधल्या नोंदी सभासदांना बघायला मिळाव्यात अशी माझी मागणी आहे. बिलं न दाखवता रक्कम लावणं मला योग्य वाटत नाही."

कोणाचं नाव नाही, शिवी नाही, आकडे सगळे छापील बिलावरचे, आणि शेवटचं वाक्य माझं मत आहे हे स्पष्ट दिसतंय. वाचणाऱ्याच्या डोक्यात जे यायचं ते येतंच की, त्याला तुम्ही जबाबदार नाही. हॉटेलचा रिव्ह्यू, डॉक्टरचा अनुभव, क्लासची तक्रार, सगळीकडे हाच साचा वापरा: कधी गेले, काय झालं, किती पैसे, मला काय वाटलं. "फसवे आहेत, कोणी जाऊ नका" च्या जागी "मी परत जाणार नाही".

अब्रुनुकसानीची नुसती धमकी आली तर एक माहीत असू दे, हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस थेट एफआयआर घेऊन उचलत नाहीत, फार तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, समोरच्याला मॅजिस्ट्रेटकडे स्वतः तक्रार करावी लागते. आणि कोणी आयटी कायद्यातल्या ऑनलाइन पोस्टबद्दलच्या कलम ६६ए ची भीती घातली तर खुशाल चहा पाजा, ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. ते प्रकरण उभं राहिलं त्यात आपल्या पालघरचाच वाटा होता, नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली होती.

पण धर्म, जात, भाषा यावरून दोन गटांत तेढ लावणारं (न्याय संहितेचं कलम १९६) किंवा मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारं (कलम २९९) काही असेल तर तिथे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पोलीस थेट येऊ शकतात. "मी नुसतं फॉरवर्ड केलं" हे पण चालत नाही, तामिळनाडूतल्या एका नेते-अभिनेत्यानं महिला पत्रकारांबद्दलची पोस्ट फॉरवर्ड केली होती, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांची केस रद्द करायला नकार दिला. याची दुसरी बाजू पण आहे, कोल्हापूरच्या एका प्राध्यापकांनी कलम ३७० हटवल्याचा निषेध व्हॉट्सॲप स्टेटसवर केला म्हणून गुन्हा दाखल झाला होता, तो मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंच रद्द केला आणि सांगितलं की सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे. म्हणजे निर्णयावर बोला, माणसांच्या अख्ख्या गटावर बोलू नका.

कोर्टाबद्दल लिहिताना तर हात आखडताच ठेवा. नवी मुंबईच्या एका सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून वाद होता, त्यात सभासदांना पाठवलेल्या एका पत्रकात न्यायाधीशांबद्दल वाटेल ते लिहिलं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये हायकोर्टानं एक आठवडा कैद आणि दोन हजार दंड सुनावला. पुढे सुप्रीम कोर्टानं माफी मान्य करून शिक्षा माफ केली, पण तोवर झोप उडालेलीच असणार की. सुरुवात कुठून, कुत्र्यांना खायला घालण्यावरून.

सरकारी नोकरीत असाल तर जुलै २०२५ चा राज्याचा जीआर वाचा, सोशल मीडियावर सरकारी धोरणावर टीका करायला त्यात बंदी आहे. खाजगीत असाल तर अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, मी पैजेवर सांगते तुम्ही ते पान वाचलेलं नाही.

पोलिसांचा फोन आला तर

नोटीस लेखी मागा, फोनवर "येऊन जा" म्हणाले तरी. पोस्ट घाबरून डिलीट करू नका, आधी वकिलाला विचारा, पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी पोलीस स्टेशनात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं. आणि तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस एफआयआरआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ती करावी असं सुप्रीम कोर्टानं मार्च २०२५ मध्ये एका कवितेच्या केसमध्ये सांगितलंय. वकील हे लगेच मांडेल, तुम्ही तिथे कविता म्हणू नका.

तुम्हीच ॲडमिन असाल तर

दुसऱ्यानं टाकलेल्या घाणेरड्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे सांगितलंय, दोघांचा मिळून काही बेत होता असं दिसलं तर गोष्ट वेगळी. तरी मी आमच्या नव्या ग्रुपवर दोन ओळी पिन केल्यात: सोसायटीच्या कामाचंच बोलायचं, आणि माणसाचं नाव घेऊन आरोप करायचा असेल तर कागद जोडायचा. दुसऱ्या ओळीनं रात्री दहानंतरचे सत्तर टक्के मेसेज बंद झाले, हा आकडा माझा अंदाज, कोर्टात विचारू नका.

माझ्या पत्राचं पुढे काय झालं ते राहिलं. महिनाभर उत्तर नाही, मग स्मरणपत्र दिलं आणि खाली एक ओळ घातली, प्रत माहितीसाठी उपनिबंधक कार्यालय. जुलैत फाइल बघायला बोलावलं. ऑफिसातल्या हलत्या टेबलावर बसून मी आणि वकीलबाईंनी बिलं आणि गेटचं रजिस्टर जुळवलं. बिलं बावीस टँकरांची, ३२०० रुपयांना एक. रजिस्टरमध्ये एकवीस. एक बिल दोनदा चढलं होतं, तारीख तीच, चलन नंबर तोच, कोणीतरी झेरॉक्स पण फाइलला लावली होती. बाकी सगळं चोख. म्हणजे सेक्रेटरी चोर नव्हता, आळशी होता, आणि मी रात्री अकराला शंभर लोकांना काय सांगून बसले होते.

सप्टेंबरच्या सभेत ते मिनिट्समध्ये गेलं, ऑक्टोबरच्या बिलात प्रत्येक फ्लॅटला पन्नास रुपये वजा होऊन आले. जुन्या ग्रुपमध्ये मला अजून घेतलेलं नाही. टँकर कधी येणार ते वॉचमन सांगतो, इंटरकॉमवर, ताई बादल्या भरून घ्या म्हणून.